दांड्यावरचं वजन

दांडा बोलतोय. सायकलचा आडवा दांडा, सीटखालून निघून हँडलला भिडतो तो. ज्याच्यावर बाप लोक पोरांना बसवतात आणि पोरांची ढुंगणं बधिर करतात. तोंड नसलेल्याचं ऐकायची माणसांना सवय नाही. तोंड असलेल्याचं तरी कुठं ऐकतात म्हणा! पण आता बोलायला बसलोय तर निमूट ऐका. मध्ये बोलू नका, मला मग धागा सापडत नाही.

शिक्षणाचं विचाराल तर माझी शाळा फाटकापर्यंत. पोराला उतरवलं की आम्ही कारखान्याच्या वाटेला. आत काय शिकवायचे देव जाणे. मला एकच विद्या येते, वजन ओळखायची. कोण बसलंय, कशानं जड झालंय, पोट भरलंय की मन, हे मला टेकल्याबरोबर कळतं. आज ज्या वजनाचं सांगणार आहे, ते खरं तर असायला नको होतं. पण होतं. पटलं तर घ्या, नाही तर उठून जा.

जन्म माझा पंजाबाकडचा म्हणे. भट्टी, ठोकाठोक, हिरव्या रंगात दिलेली बुडी, एवढंच आठवतं. स्वतःचं बाळंतपण कुणाला आठवतं? मालगाडीतून बंगळूरला आलो, दुकानात भिंतीला लटकलो आणि एक दिवस वासुदेव आला. मिरजेचा पोरगा, सरकारी यंत्रांच्या कारखान्यात नवा चिकटलेला, के. आर. पुरमला रुळांजवळ खोली घेऊन राहणारा. त्यानं माझ्यावर गाल टेकवला, एक डोळा मिटला आणि दांडा सरळ आहे का ते पाहत बसला. दुकानदार वैतागला.

"सामी, सायकल घेताय की मुलगी बघताय?"

"मुलगी बघताना एवढं बघणार नाही," वासुदेव म्हणाला.

कारखान्यात त्याचं काम तपासणीचं. केसाएवढं वाकडं असेल ते बाजूला काढायचं. ही खोड त्याच्या हाडीमाशी भिनली. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी भिंतीवरचा फोटो सरळ करून यायचा. वाकडं दिसलं, ओरखडा दिसला, की ह्याचे हात शिवशिवायचे. हे लक्षात ठेवा. पुढं ह्याच खोडीनं घात केला.

मग प्रमोदिनी आली. बायको. ती मागं कॅरियरवर बसायची, एका बाजूला पाय सोडून. बसवनगुडीला शेंगदाण्याच्या जत्रेला आम्ही तिघं जायचो, आणि येताना ती मागं बसून शेंगा सोलायची, टरफलं वाऱ्यावर सोडायची. वासुदेव ओरडायचा, "अगं, लोक बघतात!" ती म्हणायची, "तुम्ही पुढं बघा."

आणि मग निहार. त्याच्यासाठी माझ्यावर लहानशी सीट बसवली, वर जुना टॉवेल गुंडाळला. पाय दोन्हीकडं टाकून बसायचा आणि टाचा हलवत राहायचा. ठक, ठक, ठक. खालचा तिरपा दांडा तोही मीच, एकाच सांगाड्याचा. तिथं त्याच्या टाचेनं हिरवा रंग घासून घासून पोलाद उघडं पडलं. रुपयाएवढा डाग. पोराचं डोकं मध्ये यायचं म्हणून वासुदेव मान डावीकडं कलती करून रस्ता बघायचा. शाळेपर्यंत तशीच मान. कलत्या मानेचा बाप, म्हणून शाळेतले शिपाई हसायचे.

पुढं स्कूटर आली, बनशंकरीला घर झालं आणि माझी किंमत कांद्याच्या पिशवीएवढी उरली. जिन्याखाली उभा करून माझ्यावर पिशवी अडकवायचे. माणसाच्या जातीला उपकाराची आठवण नसते, हे मी त्या जिन्याखाली शिकलो. किती वर्षं गेली विचारू नका. कोळ्यांच्या पिढ्या गेल्या.

एके दिवशी निहारनं पिशवी काढली. मोठा बाप्या झालेला, संगणकाच्या कंपनीत कामाला. रविवारी तो आणि त्याचे मित्र डांबरी सोडून जंगलातल्या खडीच्या, मुरमाच्या वाटांनी सायकली हाणायचे. मित्रांच्या सायकली काडीसारख्या हलक्या, परदेशी. ह्याला मीच पाहिजे होतो.

"अण्णा, जुनं पोलाद आहे हे. त्यांचं कार्बन खडकावर आपटलं की तुटतं. हे नुसतं वाकतं."

"वाकतं हे तू कौतुकानं सांगतोयस मला?" वासुदेव म्हणाला.

स्वयंपाकघरातून प्रमोदिनी ओरडली, "सायकलीला नवं हँडल आणायला वेळ आहे. स्थळं बघायला नाही!"

"आई, आधी हँडल. मग सांभाळणारी."

तर मला जाड, खडबडीत टायर आले. मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल आलं. बारीक बारीक गिअर आले. म्हाताऱ्याला विजार-बूट चढवून वरातीत नाचवावं तसा माझा अवतार. रंग मात्र त्यानं होता तसाच ठेवला. टाचेच्या डागावर अंगठा फिरवायचा आणि हसायचा. शहाणा पोरगा होता.

रविवारी पहाटे बनशंकरीतून निघायचं, कनकपुऱ्याचा रस्ता धरायचा आणि उजाडता उजाडता डांबर सोडायचं. मित्र दोन-चार रविवार आले, मग कंटाळले. उरलो आम्ही दोघं. काय तो मुलूख! हत्तीच्या पाठीसारखे उघडे काळे खडक, त्यांच्या पायथ्याला बांबूची बेटं, पळस, करंज. चढावर खडी टायरखालून किरकिर करत निसटायची. उतारावर निहार पाय थांबवायचा, मग मागच्या चाकाची टिकटिक तेवढी ऐकू यायची. आणि खाली अर्कावती. नदी म्हणायची, पण शहरानं तिच्यात एवढी घाण सोडलीय की धारेला पांढरा फेस असायचा. त्या पाण्याला निहार बोटसुद्धा लावायचा नाही.

तिथं केंपम्मा भेटली. शेळ्या चारणारी म्हातारी, काटकुळी, कंबरेला कोयती. वळणावरून आम्ही खाली सुटलो आणि तिच्या शेळ्या चौफेर उधळल्या. मग काय विचारता!

"अय्यो! शेळीला शिंग आहे, सापाला जीभ आहे, तुला काय आहे रे? भुतासारखा न वाजता येतोस!" निहारला कानडी मातृभाषेसारखं यायचं. तो खाली उतरला, शेळ्या गोळा करायला लागला. त्याला शेळ्या गोळा करता येत नव्हत्या. म्हातारी हसून हसून खोकली.

पुढच्या खेपेला तिनं माझ्या हँडलला एक घंटा बांधली. काशाची, चपटी, आत लाकडाचा लोलक. तिच्या एका शेळीच्या गळ्यातली. शेळी बिबट्यानं नेली होती, घंटा झुडपात मिळाली होती.

"ही वाजली की माझ्या शेळ्यांना कळेल, आपल्यातलंच आहे."

"मेलेल्या शेळीची घंटा मला, अज्जी?"

"मग काय जित्या शेळीची काढून देऊ? चल, हो पुढं."

मला ते आवडलं नव्हतं. मी मेलेल्याची वस्तू अंगावर घ्यायच्या विरुद्ध आहे. पण मला विचारतो कोण?

त्यानंतर तो आला की म्हातारीशी घटकाभर बसायचा. नदीपासून जरा वर वाळूत तिनं एक झिरा उकरलेला होता. खड्ड्यात निवळशंख पाणी झिरपायचं, थंडगार. वर चपटा दगड झाकलेला. ते पाणी ती त्याला द्यायची.

आता पुढचं सांगतो. मी तिथं होतो, म्हणून सांगतो. दुसऱ्या कुणी तेव्हा सांगितलं नाही.

पावसाळा सरून ऊन तापायला लागलं होतं. त्या दिवशी निहारचं वजन मला पहिल्या चढापासूनच वेगळं लागलं. शिसं भरल्यासारखं. तीस-पस्तिशीतलं पोर, कधी डोकं दुखलं नाही त्याचं. नदीकाठी अर्जुनसादड्याचं मोठं झाड आहे, तिथं आला आणि उतरलाच नाही, घसरला. मी आडवा पडलो. घंटा एकदा जोरात वाजली आणि थांबली. मागचं चाक फिरत राहिलं, टिकटिक, टिकटिक. तो छाती धरून झाडाला टेकला. बाटली चढावरच रिकामी झाली होती.

घंटा वाजून अचानक थांबली म्हणून केंपम्मा बघायला आली. आली ती धावतच आली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या अंगावरची बाटली ओढून काढली, झिऱ्यावर गेली, भरून आणली आणि थोडं थोडं पाणी त्याच्या तोंडात सोडलं. तो प्यायला. हो, प्यायला. मी बघितलंय.

"गार आहे. अज्जी, शेळ्या बघ," तो म्हणाला. "मी बसतो स्वल्प."

तेवढंच. चाकाची टिकटिक आधीच थांबली होती, मग त्याचा श्वासही थांबला.

म्हातारी बाटली हातात धरूनच माणसं बोलवायला पळाली. तेवढ्यात जंगलखात्याची जीप खडखडत आली. ते राखीव जंगल. तिथं शेळ्या चारायला बंदी, आणि एकदा तिच्या शेळ्या त्यांनी नेऊन कोंडल्या होत्या. म्हातारी खडकाआड बसली. शेळ्यांच्या तोंडावर हात ठेवून बसली. जीपवाल्यांनी बघितलं, पोलिसांना कळवलं, आणि कागदावर चढलं ते असं की एकटाच होता, जवळ कुणी नव्हतं, पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती.

झालं. ह्या एका ओळीनं घर खाल्लं.

प्रमोदिनी रडायची नाही. एकच विचारायची. दूधवाल्यासमोर, शेजारणीसमोर, भिंतीसमोर. "त्याच्या तोंडात शेवटी पाणी घालायला कुणी नव्हतं का हो?" आपल्यात माणूस कुठंही गेला तरी जाताना दोन थेंब पाणी तोंडात पडावं लागतं. एवढं भिकाऱ्याच्या वाट्यालाही येतं. आणि हिच्या पोराला नदीच्या काठावर तहानलेला सोडला होता. तेही त्या फेसाच्या नदीच्या.

मला माहीत होतं. पोलीस चौकीच्या आवारात पडलो होतो तेव्हा, टेम्पोतून घरी आणलं तेव्हा, गच्चीत उभा केला तेव्हा, सगळा वेळ मला माहीत होतं. प्यायला तो! पण पोलादाला तोंड नाही. हा शाप कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दहाव्याचं मी ऐकून आहे. श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. सगळे काय काय बोलले. आईला सांभाळू, अमुक करू, तमुक करू. कावळा झाडावर ढिम्म. प्रमोदिनी म्हणाली, "त्याला पाणी हवंय, दुसरं काही नको." शेवटी वासुदेव पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, "निहार, तुझी सायकल मी नीट करीन." आणि कावळा आला.

कावळ्याला भूक लागली असेल. मी कावळे पाहिलेत, ते कुणाचं ऐकत नाहीत. पण वासुदेवच्या मनानं घेतलं.

आणि नीट करणं म्हणजे काय? आयुष्यभर वाकडं बाजूला काढत आलेल्या माणसाला दुसरा अर्थ कुठून सुचणार? त्यानं माझं चाक सरळ केलं. प्रत्येक ओरखड्यात लांबी भरली, रंगाआधी भरतात ती पुट्टी. टाचेच्या त्या डागात बोटानं लांबी दाबली, वाळवली, कागदानं घासली. मग माझ्यावर काळा रंग चढवला, आरशासारखा. खंडेनवमीला मला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि म्हणाला, "बघ, होती तशी."

होती तशी! मी जन्मात कधी काळा नव्हतो.

प्रमोदिनीनं पाहिलं आणि आत निघून गेली. घंटा तिनं आधीच काढली होती. गच्चीत वारा सुटला की ती वाजायची आणि ही दार उघडायला धावायची, म्हणून. देवघरात ताम्हनाशेजारी ठेवून दिली. शोभेची वस्तू असेल, पोरानं दुकानातून आणली असेल, असं तिला वाटलं. आणि रोज दिवेलागणीला एक फुलपात्र पाणी माझ्या चाकाशी आणून ठेवायची. सकाळी पाणी कमी झालेलं असायचं. पारवे पितात. पण ती फुलपात्र उचलताना ज्या डोळ्यांनी बघायची, त्या डोळ्यांना पारवे दिसत नव्हते.

आता वजनाचं.

रंग वाळल्यावर वासुदेव मला चालवून बघायला खाली घेऊन गेला. सत्तरीला टेकलेला माणूस, दोन गल्ल्या हळूहळू. पहिल्या वळणावर माझ्यावर कुणीतरी बसलं.

सीटवर नाही. माझ्यावर, दांड्यावर, जिथं पूर्वी टॉवेल गुंडाळलेली सीट होती तिथं. लहान वजन. शाळेत जायच्या वयाचं. आणि खालच्या दांड्यावर, लांबी भरलेल्या जागेवर, ठक, ठक, ठक.

मी भुताखेतांना मानणारा नाही. पण माझं वजन चुकत नाही. आणि मी वर बघितलं तर वासुदेवनं मान डावीकडं कलती केली होती. समोर रस्ता मोकळा होता. कुणाचं डोकं मध्ये येत नव्हतं. तरी मान कलती. त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं.

त्यानंतर तो मला घेऊन निघाला की ते वजन यायचं. चढावर जड व्हायचं, उतारावर टाचा हलवायचं. आणि तहानलेलं असायचं. तहानेला वजन असतं, तुम्हाला माहीत नाही. आधी वाटलं, पाणी पिऊन गेला तरी ह्याला तहान कसली? मग कळलं. तहान त्याची नव्हती. त्याच्या आईची होती, आणि ती हा वाहत होता.

एके सकाळी वासुदेवनं मला टेम्पोत घातलं आणि कनकपुऱ्याच्या पुढं गावाच्या टोकाला उतरवलं. तिथून खाली नदीपर्यंत चालवत, ढकलत नेलं. जागा पोलिसांनी सांगितलेली होती. सादड्याखाली केंपम्मा शेळ्यांना पाला तोडून घालत होती.

माझा जीव, असेल तिथून, घशाशी आला. आता बोलेल!

पण वासुदेवनं विचारलं कसं? तपासणीला आल्यासारखं. ऑफिसातलं कानडी, पाठीमागं हात. "तुम्ही इथं रोज असता का? त्या दिवशी होता का? इथं एक मुलगा वारला, कुणी पाहिलं का?" म्हातारीनं त्याची इस्त्रीची पँट बघितली. काळी चकचकीत सायकल बघितली. जंगलखात्याचा नाही तर पोलिसांचा.

"मला ठाऊक नाही सामी. मी इकडं येतच नाही."

"ही सायकल कधी पाहिली होती?"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. खालून वर. आणि खरं तेच सांगितलं, "नाही. ही नाही पाहिली."

माझ्या अंगावर लांबी आणि रंग नसता तर! मी ओरडलो असतो तर! पण तिनं शेळ्या हाकल्या आणि खडकाआड गेली. वासुदेव झाडाखाली बराच वेळ बसून राहिला. दांड्यावरचं वजनही हललं नाही.

घरी आल्यावर प्रमोदिनीनं विचारलं, "काय म्हणाले?"

"कोण काय म्हणणार? एक म्हातारी होती शेळ्या चारणारी. काही माहीत नाही म्हणाली. शेळ्यांच्या घंटांनी डोकं उठवलं नुसतं."

"कसल्या घंटा?"

"असतात तशा. काशाच्या, चपट्या. आत लाकडाचा तुकडा लोंबतो."

प्रमोदिनी आत गेली. देवघरातून येऊन तिनं मूठ उघडली. "अशा?"

वासुदेवनं घंटा घेतली, उलटी केली, लोलक बोटानं हलवून बघितला.

"ही सायकलीची? तू कधी काढलीस?"

"तुम्ही हिरवा रंग बुजवायला काढलात, त्याच्या आधी." मग ती म्हणाली, "पोरगं तिथं कुणाचं तरी होतं, अहो. आणि आपण दोघांनी मिळून त्याची ओळख पुसून टाकली."

वासुदेवनं घंटा तिच्या हातात परत ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला वाकलेला बघितला.

पुढच्या खेपेला दोघं आली. मोटारीतून गावापर्यंत, मग पायवाटेनं. वासुदेव मला ढकलत, प्रमोदिनी मागून, साडी सावरत, खडीवर पाय घसरत.

"बसतेस कॅरियरवर?"

"आहे कुठं कॅरियर? काढून टाकलाय तो पोरानं. आणि ह्या वयात हाडं मोडायची आहेत काय तुम्हाला?"

नदीवर आलो. म्हातारी दिसेना. शेळ्या दूर, खडकावर, ठिपक्यांसारख्या. वासुदेव हाक मारणार तोच प्रमोदिनीनं त्याचा हात धरला आणि पदराखालून घंटा काढून वाजवली. पूजेला वाजवतात तशी नाही. हातात धरून हळूहळू हलवली, चालत्या सायकलीवर हलते तशी.

खडकावर एक मान वर झाली. मग दुसरी. आणि सगळ्या शेळ्या खाली आल्या. धावत नाही, निवांत, घरचं माणूस आलंय म्हणून. त्यांच्यामागं केंपम्मा, कोयती सावरत, तोंडानं शिव्या देत. जवळ आली आणि घंटा बघून जागच्या जागी थांबली.

प्रमोदिनीचं कानडी भाजीवालीबरोबर घासून घासून तयार झालेलं. वासुदेवपेक्षा बरं. "अव्वा," ती म्हणाली, "मी त्याची आई."

म्हातारी आधी माझ्याकडं आली. कंबरेची कोयती काढली आणि माझ्या काळ्या अंगावर टोक ओढलं, खर्रकन. वासुदेवच्या अंगावर काटा आलेला मी बघितला. काळ्याखालून हिरवा निघाला.

"हिरवी होती," म्हातारी वासुदेवला म्हणाली. "कशाला रंगवलीस? माझं पोर कसं ओळखू मी?"

सत्तरीच्या माणसानं मान खाली घातली.

मग तिनं सगळं सांगितलं. घंटा वाजून थांबली ते, डोकं मांडीवर घेतलं ते, जीप आली ते, शेळ्यांसाठी लपली ते. सांगताना सारखी म्हणत होती, "भ्यायले मी. भ्यायले." प्रमोदिनीनं तिला थांबवलं नाही, रागावली नाही. तिला एकच विचारायचं होतं.

"पाणी प्यायला का तो?"

"प्यायला की! थोडं हनुवटीवरून सांडलं, ते मी पदरानं पुसलं. गार आहे म्हणाला. अज्जी, शेळ्या बघ म्हणाला, मी बसतो स्वल्प."

म्हातारी खडकाआड गेली आणि परत आली ती बाटली घेऊन. निहारची. इतके दिवस तिनं ती झिऱ्याशेजारी दगडाखाली ठेवली होती. घरी न्यायची भीती, टाकवेना. टोपण पोरगा दातानं उघडायचा, तिथं दातांच्या खुणा होत्या. प्रमोदिनीनं त्या खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हातारीनं बाटली तिच्या हातातून घेतली, झिऱ्यात विसळली, भरली आणि पुन्हा तिच्यापुढं धरली.

"पी, मगळे, पी लेकी. तू किती दिवसांची तहानलेली दिसतेस."

प्रमोदिनी प्यायली. उभ्या उभ्या, घटाघटा, साडीवर सांडत. आणि मग बसली आणि रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदा. केंपम्मा शेजारी बसली. शेळ्या दोघींच्या अंगाला तोंड लावून गेल्या.

मी वासुदेवच्या हातात होतो. पाणी तिच्या घशाखाली गेलं आणि दांड्यावरचं वजन उतरलं. पोरं शाळेच्या फाटकाशी उतरतात तसं. उडी मारून, मागं न बघता.

परतताना चढ संपल्यावर वासुदेव थोडा वेळ माझ्यावर बसला. वाट सपाट होती. मी वर बघितलं. मान सरळ होती.

आता मी बनशंकरीच्या गच्चीत असतो. घंटा पुन्हा माझ्या हँडलवर आहे. दिवेलागणीला फुलपात्र येत नाही. पारवे दोन-चार दिवस येऊन बघून गेले, मग त्यांनीही नाद सोडला. ही दोघं महिन्या-दोन महिन्यांनी जातात केंपम्माकडं. प्रमोदिनी तिच्यासाठी मेतकूट नेते. म्हातारी ते शेळ्यांना घालते, असं मला वाटतं.

मी सुखी आहे का? विचारू नका. आता दांडा हलका आहे, इतका हलका की मला झोप येत नाही. भूत होतं तेव्हा त्याला शिव्या दिल्या. गेलं तर ठक-ठक ऐकू येत नाही म्हणून चुकल्यासारखं होतं. उतारावर कधी वाटतं, बसला का काय? नाही. नुसता वारा असतो.

तुम्हाला एकच सांगतो, आणि मग तुम्ही आपल्या कामाला लागा. गेलेल्या माणसाची वस्तू नवी करू नका. घासू नका, रंगवू नका, वाकलेलं सरळ करू नका. गेलेलं माणूस परत आलं तर ओरखड्यांशिवाय बसेल कुठं?

माझ्या अंगावर कोयतीचा तो ओरखडा आहे. बोटभर लांब, वाकडा, काळ्यातून हिरवा. वासुदेव रोज सकाळी फडकं घेऊन मला पुसतो. हँडलपासून सुरू करतो, सीटपर्यंत येतो. ओरखड्याशी आला की त्याचे हात शिवशिवतात, मला कळतं. काळ्या रंगाचा डबा खाली कपाटात आहे, ब्रशही आहे.

मग तो फडकं उचलतो, ती जागा सोडतो आणि पुढं पुसायला लागतो.